एक मूठ खाली उतरलेला ध्रुव

आमचा तालुका दर्यापूर. वऱ्हाडच्या इमादशाहीतील दर्या इमादशहावरून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. पण नावात दर्या असला तरी खरा समुद्र येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. खारट पाणी मात्र आम्हाला नवे नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून गेलेल्या ज्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात, त्याच्या ऐन मध्यावर आमचे गाव आहे. येथे विहीर खणली की पाणी लागते ते मचूळ किंवा खारट. ते पिण्याच्या कामाचे नसते, आणि ओलितासाठी सतत वापरले तर काळी जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते. शहानूर धरणाचे पाणी नळाने येऊ लागेपर्यंत आमच्या आईने, लग्न होऊन या गावात आल्यापासूनची कितीतरी वर्षे, गोड्या पाण्याचे गुंड, म्हणजे धातूचे मोठे हंडे, डोक्यावरून वाहिले. तिच्या गुडघ्यांचे आजचे दुखणे त्या गुंडांचे आहे असे मला वाटते, आणि हे मी कोणा डॉक्टरला विचारून सांगत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झालो त्या वर्षी आईला कोठेतरी घेऊन जायचे ठरले. पंढरपूर, शेगाव, तिरुपती झाले होते. ‘कुठे जायचे’ असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले त्यातून हा सारा प्रवास निघाला. ती म्हणाली, “आपल्या विहिरीचं पानी खारं, तं समुद्राचं कसं असते थे एकडाव पाहू दे मले.”

समुद्र मुंबईच्या चौपाटीवरूनही दिसतो. परंतु एवढ्या वयाच्या, गुडघे धरलेल्या बाईला लोकल, टॅक्सी आणि गर्दी यांतून नेऊन तासभर वाळूवर उभे करायचे आणि परत आणायचे, यात समुद्र कमी आणि दगदग जास्त. मूर्तिजापूरला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, बोटीचा विचार प्रथम मांडला. सुरुवातीला मला तो श्रीमंतांचा शौक वाटला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा पटले की म्हातारपणी प्रवासात जे जे जड जाते ते या प्रकारात आपोआप टळते. सामान एकदाच सोडायचे, खोली एकच, जेवण त्याच छताखाली, मजले चढायला उद्वाहन, आजारी पडले तर बोटीवर दवाखाना. आणि इतके सगळे एका जागी असूनही मुक्काम रोज पुढे सरकत असतो. तीर्थयात्रेच्या बसमध्ये चौदा-चौदा तास पाय अवघडून बसलेल्या माणसांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

नियोजन आम्ही शेताच्या वेळापत्रकावरून केले. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईहून या सहली पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतच धरायच्या. दिवाळी ते संक्रांत कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी. मार्च उजाडला की हरभरा काढायला मजूर शोधत फिरायचे. मधला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा तेवढा मोकळा असतो: तूर घरात आलेली, फरतडीचा, म्हणजे उशिराच्या वेचणीचा, शेवटचा कापूस वेचून झालेला, हरभरा घाट्यांवर. त्या दिवसांत समुद्रही बहुधा शांत असतो. आम्ही तारखा तेथेच बसवल्या आणि चार महिने आधी नावे नोंदवली.

पैशांबद्दल एवढेच सांगतो की भाडे हंगामाप्रमाणे आणि मागणीप्रमाणे बदलत राहते, म्हणून आमचा आकडा कोणाच्या उपयोगाचा नाही. पण तो कसा वाचायचा हे आधी समजून घ्यावे. जाहिरातीतला दर माणशी असतो आणि एका खोलीत दोघे राहतील असे धरून काढलेला असतो. बंदराचे शुल्क, सेवकवर्गासाठी घेतली जाणारी रक्कम आणि जीएसटी हे पुष्कळदा त्यात धरलेले नसतात. आम्ही ज्या दलालाकडे प्रथम गेलो त्याने हे तीनही सांगितले नाहीत, आणि ताईने कागद हातात घेऊन एकेक ओळ विचारली तेव्हा बेरीज बरीच वर गेली. तिच्या भिशीचे पैसे त्यात होते. दहा जणींच्या हातातून फिरून आलेल्या पैशाचा हिशेब ती रुपयापर्यंत ठेवते. शेवटी आम्ही कंपनीकडे थेट नोंदणी केली.

खोली निवडणे ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि लोक तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. बोटीवर आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोल्या स्वस्त असतात. समुद्राकडे खिडकी असलेल्या त्याहून महाग. सज्जा असलेल्या आणखी महाग. आम्ही चौघे होतो, म्हणून दोन खोल्या घेतल्या. मी आणि पत्नी आतल्या खोलीत राहिलो आणि वाचलेले पैसे आई आणि ताई यांच्या खिडकीवर खर्च केले. त्यांची खोली मुद्दाम खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध मागितली. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेला माणूस खड्ड्याखड्ड्याला उडतो आणि मधल्या बाकावरचा निवांत असतो, तसेच बोटीचे आहे. लाटांवर बोटीची दोन टोके वर-खाली होतात, मध्य त्यामानाने स्थिर राहतो, आणि जितके पाण्याजवळ तितके डोलणे कमी. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात, तीही हे डोलणे आवरतात. तरीही मळमळीच्या गोळ्या आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारून घेतल्या होत्या, कारण आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. ही सारी औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग धक्क्यावर ताब्यात घेतली जाते आणि ती खोलीच्या दारात येईपर्यंत काही तास जाऊ शकतात.

मार्ग निवडताना घरात दोन मते होती. मुंबई–गोवा–मुंबई ही दोन रात्रींची फेरी स्वस्त होती आणि पत्नीचा कल तिच्याकडे होता. मी लक्षद्वीपचा आग्रह धरला, आणि तो अगत्ती बेटासाठी नव्हता, मधल्या दिवसांसाठी होता. अगत्ती मुंबईपासून जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे नऊशे किलोमीटरवर आहे. एका संध्याकाळी मुंबई सोडली की दुसरा पूर्ण दिवस चहूकडे पाण्याशिवाय काही नसते. गोव्याच्या फेरीत बंदरे मिळतात. समुद्र पुरता मिळत नाही. जे पाचशे किलोमीटर चालून समुद्र पाहायला येतात त्यांनी एक अख्खा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

मूर्तिजापूरहून रात्रीची अमरावती–मुंबई एक्सप्रेस धरली. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचलो, कारण गाडीला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. रात्री डब्यात आईने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा सोडला. बाहेरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेता येत नाही हे तिला सांगितले होते, म्हणून तिने नेमके एका रात्रीपुरते बांधले होते.

मूर्तिजापूरच्या फलाटावर मला आणखी एक गोष्ट आठवली. विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फुटी रुळांची जी शकुंतला रेल्वे सुरू झाली, तिचा एक फाटा आमच्या दर्यापुराला लागून असलेल्या बनोशाच्या स्टेशनावरून अचलपूरला जात असे. माणसांपेक्षाही कापसासाठी ती टाकलेली होती. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला होता. त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तेव्हापासून आमच्या शेतांतल्या गाठी मुंबईच्या गोदीतून बोटींवर चढून लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात राहिल्या. शकुंतलेला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टरहून आलेले होते आणि ते १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले. म्हणजे आमच्या घरातला कापूस माझ्या आजोबांच्या आधीपासून समुद्र ओलांडत होता, फक्त तो वेचणाऱ्या हातांना समुद्र दिसला नव्हता. आईने त्या रात्री पिशवीतून घरच्या कापसाचे एक छोटे बोचके काढून उशाशी ठेवले तेव्हा ते कशासाठी आहे हे मी विचारले नाही.

मुंबईचा बोटीचा धक्का बॅलार्ड पिअरला आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अगदी जवळ. शेजारची बॅलार्ड इस्टेट १९१४ ते १९१८ या काळात समुद्रात भर घालून तयार केलेली. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती तेथे पडली आणि इमारतींची आखणी जॉर्ज विटेट यांनी केली, ज्यांनी गेटवे ऑफ इंडियाही घडवला. ओळखपत्रे, लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याची कागदपत्रे, सामानाची तपासणी यांत दोन तास गेले. तेथे चाकांची खुर्ची मागून घ्यावी, संकोच करू नये. आईने आधी नको म्हटले, मग बसली.

आमच्या बोटीचे नाव ‘एम्प्रेस’. ती १९९० साली फ्रान्समधील सँ-नाझेरच्या गोदीत बांधली गेली. तेव्हा तिचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होते. लांबी सुमारे २११ मीटर. आमच्या गावातल्या मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच आहे, आणि ताईने ते लगेच ओळखले. कॉर्डेलिया कंपनीने २०२१ पासून ती भारतात चालवायला घेतली. आईने वर मान करून तिचे मजले मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिले. “हे तरंगते कसं रे?” एवढेच तिने विचारले. पाण्यात टाकलेला लोखंडी खिळा बुडतो पण लोखंडी घमेले तरंगते, हे मी तीस वर्षे चौथीच्या वर्गात शिकवले होते. तेच तिला सांगितले, आणि ते तिला पटले, कारण घमेले तिने आयुष्यभर हाताळले आहे.

बोट सुटण्यापूर्वी संकटाच्या वेळी काय करायचे याचा सराव सर्वांकडून करून घेतात. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज ऐकू आले की आपल्या खोलीच्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचे. काही प्रवासी हा वेळ वाया गेला असे म्हणत होते. मला तसे वाटत नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ मध्ये, समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, जानेवारी २०१२ मध्ये, इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या काही प्रवाशांचा सराव व्हायचा होता. बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच सराव झाला पाहिजे हा नियम त्यातून आला. जीवनरक्षक जॅकेट कसे बांधायचे हे खलाशी दाखवत होता तेव्हा आईने ते दोनदा दाखवायला लावले. त्यानेही न कंटाळता दाखवले.

संध्याकाळी बोट हलली तेव्हा आम्हाला ते कळलेच नाही. धक्का मागे सरकू लागला एवढेच दिसले. उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकापलीकडचे, १८७५ साली उभारलेले प्रॉन्ग्स दीपगृह हळूहळू मागे गेले. मुंबईचे दिवे लागले, पिवळे झाले, मग त्यांची नुसती एक रेघ उरली. सगळे प्रवासी गाण्यांच्या कार्यक्रमाकडे गेल्यावरही आई कठड्यापाशी बसून राहिली. अंधारात खालचे पाणी बोटीच्या अंगावरून पांढरे होऊन जात होते. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, “इतकं पानी, अन् सारं आपल्याच विहिरीचं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वरच्या मजल्यावर गेलो. पाण्यापासून तीस मीटर उंचीवर उभे राहिले तर नजर सुमारे वीस किलोमीटरपर्यंत पोहोचते, आणि त्या पूर्ण वर्तुळात कोठेही झाड नव्हते, टेकडी नव्हती, दुसरी बोटही नव्हती. आमच्या पूर्णाकाठच्या काळ्या रानातही जमीन सपाट आहे, परंतु तेथे उत्तरेला गाविलगडचे डोंगर निळे होऊन उभे असतात आणि माणसाला दिशा राहते. येथे दिशा फक्त सूर्याने दिली. थोड्या वेळाने बोटीच्या बाजूने उडणारे मासे निघाले. मुठीएवढे चंदेरी जीव, लाटेतून सुटून पाण्यावरून लांबवर तरंगत जाणारे. ज्वारीच्या शेतातून चिमण्यांचा थवा उठावा तसे ते एकदम उठत आणि एकदम मिटत.

समुद्रावरच्या या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न अनेकांना पडतो. मोबाइलला रेंज नसते. बोटीवरचे इंटरनेट महाग असते, आणि फोन विमानाच्या स्थितीत ठेवला नाही तर उपग्रहामार्फत भलतेच बिल लागू शकते. म्हणून आम्ही फोन बंद करून कपाटात ठेवले. कार्यक्रमांची छापील यादी खोलीत येते. आम्ही तिच्यातले एकच निवडले, संध्याकाळचा जादूचा खेळ, आणि बाकी दिवस रिकामा ठेवला. या रिकामेपणासाठीच आपण पैसे दिले आहेत हे एकदा मनाशी ठरवले की मग काही चुकते आहे असे वाटत नाही.

माझ्या मनात होते की आईने या दिवशी काही करू नये. पाणी भरायचे नाही, चूल नाही, झाडलोट नाही, नुसते बसावे. सकाळी दहा वाजता वरच्या मजल्यावर, सावलीच्या खुर्चीवर ती मला दिसली तेव्हा ते कापसाचे बोचके तिच्या मांडीवर उघडे होते आणि ती वाती वळत होती. ताई म्हणाली, “माय, तुले सुटी हाय न आज?” आईने मान वर न करता सांगितले, “सुटीच हाय. म्हनून तं वाती करत हावो.” मला माझी चूक कळली. विश्रांती म्हणजे हात थांबणे, ही माझी नोकरदाराची समजूत होती. तिच्या हिशेबात घाईचे काम आणि निवांत काम वेगळे असते, आणि वाती वळण्याइतका निवांतपणा तिला गेल्या कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. शेजारच्या खुर्चीवर एक गुजराती आजी येऊन बसल्या. त्यांना आईची भाषा कळत नव्हती आणि आईला त्यांची, पण कापूस दोघींना कळत होता. दुपारपर्यंत दोघींच्या मध्ये फुलवातींची एक डबी भरली. ज्या समुद्रावरून आमच्या कापसाच्या गाठी शंभर-दीडशे वर्षे गेल्या, त्याच समुद्रावर बसून घरच्या सरकीतून सुटलेल्या कापसाच्या वाती होताना मी पाहिल्या, आणि एवढ्यासाठी मी पुन्हा येथे येईन असे मला वाटले.

जेवणाची चंगळ होती. जैन जेवणही वेगळे मिळत होते. परंतु प्रवाशांच्या ताटांत मागे राहणारे अन्न पाहवत नव्हते. असे उरलेले अन्न बारीक दळून किनाऱ्यापासून दूर समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमांची परवानगी आहे, प्लास्टिक मात्र कोठेही टाकता येत नाही. परवानगी असली तरी ताटात तेवढेच घ्यावे जेवढे संपेल, हे सांगायला नियम कशाला हवा? आईने पहिल्या दिवशी वरण, भात आणि दही घेतले आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यात फारसा बदल केला नाही.

दुपारी तिने न्हाणीघरातला नळ सोडला आणि पाणी जिभेला लावून पाहिले. मग तिने मला बोलावले. “हे गोड कसं?” तिच्या दृष्टीने हा साधा प्रश्न नव्हता. अशा बोटींवर गोडे पाणी दोन प्रकारे तयार करतात. एकात इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राचे पाणी कमी दाबाखाली उकळतात. दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला वाफ होते, वाफेत मीठ येत नाही, आणि ती निववली की गोडे पाणी मिळते. दुसऱ्यात जोराच्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळतात, जसे आमच्या गावात जारचे पाणी विकणाऱ्याचे यंत्र करते. तिने सगळे ऐकून घेतले, नळ घट्ट बंद केला आणि विचारले, “मंग आपल्या इकडे काहून नाही केलं हे, तवा?” या ‘तेव्हा’मध्ये तिची सारी तरुण वर्षे होती. मला उत्तर देता आले नाही.

रात्री आम्ही बोटीच्या पुढच्या बाजूला, जेथे दिवे कमी होते, तेथे उभे राहिलो. हात लांब करून मूठ आडवी धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळते. आमच्या गावी तो एकवीस अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठींवर. जुने दर्यावर्दी याच हिशेबाने वाट काढत. त्या रात्री मी मूठ धरून पाहिली तेव्हा ध्रुव दोन मुठींखाली बराच उतरला होता, आणि पुढच्या रात्री, अगत्तीच्या आसपास, तो जेमतेम एका मुठीवर आला. उलट, दक्षिणेकडे अगस्त्य चढला होता. फेब्रुवारीत रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला आमच्या शेतातून तो क्षितिजापासून साधारण दीड मुठीवरच दिसतो. येथे तो उंच आणि ठसठशीत होता. अगस्त्य ऋषींनी समुद्र पिऊन टाकल्याची कथा आईनेच मला लहानपणी सांगितली होती. ती त्या ताऱ्याकडे पाहत म्हणाली, “त्यायनं थे खारं पानी पेलं कसं असंन?” लहानपणी हा प्रश्न मला सुचला नव्हता.

अगत्तीला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे आणि आतले पाणी उथळ, म्हणून बोट बाहेर थांबते आणि लहान होड्यांतून उतरावे लागते. बोटीच्या पोटातल्या दारातून खाली हलणाऱ्या होडीत पाय टाकणे हा ज्येष्ठांसाठी या प्रवासातला सर्वांत अवघड क्षण आहे. लाट होडीला वर आणते त्या क्षणी पाय टाकायचा असतो, आणि दोन खलाशी दोन्ही दंड धरतात. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणे रद्द करू शकतो, आणि त्याची मनाची तयारी घरूनच करून निघावे. आम्ही सकाळी तासभर थांबलो, मग परवानगी मिळाली. कड्याच्या आत शिरताच पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यातून एकदम कोवळ्या हरभऱ्याच्या पानासारखा हिरवा, आणि तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसू लागली.

हे बेट सुमारे सात किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी जेमतेम एक किलोमीटर. सगळीकडे नारळ. लक्षद्वीपची ३६ बेटे मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६४ हजार. एवढ्याशा जमिनीवर एका बोटीने एका दिवशी शेकडो माणसे उतरावीत का, हा प्रश्न मला तेथे उतरल्यावर पडला, आणि मी स्वतः त्या माणसांपैकी एक असल्यामुळे तो झटकता आला नाही. आईने वाळूतून प्रवाळाचा एक पांढरा तुकडा देव्हाऱ्यासाठी उचलला. आमच्या सोबतच्या बेटावरच्या तरुणाने नम्रपणे सांगितले की प्रवाळ नेता येत नाही, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तिने तो जेथून उचलला होता तेथेच वाकून परत ठेवला.

वाटेवर एका घराच्या अंगणात विहीर होती. आमच्या विहिरींपुढे ती अगदी उथळ. हात लांब केला तर पाणी लागेल असे वाटावे. घरातली बाई पाणी काढत होती. आई थांबली आणि खुणेनेच विचारले. त्या बाईने पोहऱ्यातले पाणी तिच्या ओंजळीत घातले. ते गोड होते. चहूकडे समुद्र, आणि मधल्या या मूठभर वाळूत गोडे पाणी! तरुणाने हिंदीत समजावले की पावसाचे पाणी वाळूतून मुरते आणि खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते; जास्त उपसले तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर कायमची बिघडू शकते. ताईने याचे वऱ्हाडीत भाषांतर केले, पण आईला ते अर्ध्यातच कळले होते. आमच्याकडेही अलीकडे खाऱ्या विहिरी सोडून शेततळ्यात पावसाचे पाणी साठवतात आणि हरभऱ्याला एखादे ओलित देतात. कोणते पाणी वरचे आणि कोणते खालचे, हे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणि तो तरुण आणखी एक गोष्ट बोलला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र प्रौद्योगिकी संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र उभारले, आणि २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथेही तशी संयंत्रे आली. समुद्राचे वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ निववायची, अशी त्याची रीत आहे. बोटीच्या न्हाणीघरात जे मी सांगितले तेच येथे एका बेटासाठी केलेले होते. आईने त्या घरच्या बाईकडे पाहिले आणि तरुणाला विचारले, “हिले आता डोक्यावरून पानी आनाव नाही लागत न?” त्याने हसून नाही म्हटले. आई त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. निघताना तिने पदराची गाठ सोडून चार फुलवाती काढल्या. त्या बाईच्या घरी त्यांचा उपयोग नव्हता हे आईला ठाऊक नसावे, किंवा असावे. त्या बाईने मात्र दोन्ही हातांनी त्या घेतल्या आणि आम्हाला एक शहाळे दिले.

परतीचा दिवस पुन्हा नुसत्या पाण्याचा होता, आणि तो पहिल्यापेक्षा लवकर सरला. मुंबईला उतरून त्याच रात्रीची गाडी धरली. पुढच्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो: जमिनीवर पाय ठेवल्यानंतर दिवसभर जमीनच डोलते आहे असे वाटते, त्याने घाबरू नये. ताईला तर दोन दिवस मूर्तिजापूरच्या घरात तसे वाटत होते.

गावी आलो तेव्हा हरभरा पिवळा पडू लागला होता. त्या संध्याकाळी वीज गेलेली होती आणि अंगणातून उत्तरेकडचे आकाश स्वच्छ दिसत होते. आई खाटेवरून उठली, उजवा हात लांब करून तिने मूठ आडवी धरली, तिच्यावर डावी मूठ ठेवली, आणि शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाली, “इकडे ये वं, तुले दाखवतो.”